कमरेचं हाड न काढता हिरडी भरता येईल का? : मराठवाड्यातल्या दंत आणि वैद्यकीय महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या दंत व वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता, प्राध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांस,

स. न. वि. वि.

मी धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. बालाघाटाच्या उतारावरचं गाव आहे, दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात आणि निम्म्या घरांना कुलूप लागतं. मी डॉक्टर नाही. माझा मुलगा दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्माला आला. तो आता बाविशीत आहे. इतकी वर्षं दवाखान्यांच्या बाकांवर बसून, केसपेपर वाचून, भेटेल त्या डॉक्टरला विचारून जे शिकले, त्याच्या भरवशावर हे पत्र लिहिते आहे. माझं मागणं असं आहे की, दुभंग असलेल्या लेकरांच्या हिरडीतली फट भरायला कमरेचं हाड काढावं लागू नये, यासाठीचं संशोधन तुम्ही इथे, मराठवाड्यात हाती घ्यावं. ते इथेच का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मुलगा झाला तेव्हा मला सगळ्यात आधी ग्रहणाबद्दल विचारलं गेलं. ग्रहणात विळीवर बसली होतीस का, काही चिरलं होतंस का. सासरी विचारलं, शेजारणींनी विचारलं, माहेरीही विचारलं. गर्भात ओठ आणि टाळू जुळण्याचं काम पहिल्या तीन महिन्यांत उरकतं. ओठाचं तर बाईला दिवस गेल्याची नीट खात्री पटते न पटते तोवरच. जगात साधारण सातशे ते हजार बाळांमागे एक बाळ असं जन्मतं. हे मला एका निवासी डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं, तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले. तोवर चार वर्षं मी स्वतःलाच दोषी धरून बसले होते.

ओठ पाचव्या महिन्यात शिवला, टाळू सव्वा वर्षाचा असताना. दोन्ही कामं सुरेख झाली. 'आता काळजी नाही' असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. तो दवाखाना कुठला, हे मी लिहिणार नाही. त्या हातांनी माझ्या लेकराला चेहरा दिला, ते ऋण आहेच. पण त्या सुट्टीच्या कागदावर एक ओळ लिहायची राहिली होती. आठव्या-नवव्या वर्षी हिरडीसाठी परत या, ही ती ओळ.

ओठाच्या आत, नाकपुडीच्या खाली, हिरडीत बोटाचं टोक जाईल एवढी फट राहिली होती. ताक प्यायला की थेंब नाकातून यायचा. शाळेत खिचडी वाटली की तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. त्या बाजूची नाकपुडी बसकी दिसायची, कारण तिच्याखाली आधाराला हाडच नव्हतं. आम्हाला वाटलं, एवढं राहणारच. पंधराव्या वर्षी वेडेवाकडे दात सरळ करून घ्यायला नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'चार-पाच वर्षं आधी आणायला हवं होतं.' सुळा फटीच्या कडेला उतरला होता आणि त्याच्या एका अंगाला हाड नव्हतं. तो हलायला लागला होता, काढावा लागला. मग कमरेचं हाड काढून फट भरली. पण भरलेल्या हाडाला धरून ठेवायला तिथे दात उरला नव्हता. वर्षभरात त्यातलं बरंचसं झिजून गेलं.

बांधावरची माती गवताची मुळं धरून ठेवतात आणि त्या मातीमुळेच मुळं तगतात. हिरडीत हाड आणि सुळा यांचं तसंच आहे. वरचा कायमचा सुळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी उतरतो. त्याचं मूळ अर्धं ते दोन-तृतीयांश तयार झालेलं असताना, म्हणजे बहुतेक मुलांत आठ ते अकरा या वयात, फटीत हाड भरलं तर सुळा त्या नव्या हाडातून वाट काढत खाली येतो. तो आला, चावू लागला, की ते हाड जिवंत राहतं. बॉइन आणि सँड्स या अमेरिकी शल्यविशारदांनी १९७२ मध्ये ही वेळ मांडून दाखवली. नॉर्वेतल्या ऑस्लोच्या पथकाने १९८६ मध्ये मोठ्या संख्येने मुलांचे निकाल मांडले आणि हाडाची उंची मोजायची चार पायऱ्यांची पट्टी दिली. त्यांच्याही आधी, पन्नास-साठच्या दशकांत, काही ठिकाणी तान्ह्या बाळांच्याच हिरडीत हाड भरून पाहिलं होतं. त्यातल्या अनेक मुलांच्या चेहऱ्याचा मधला भाग पुढे वाढताना मागे राहिला. घाईचा तो अनुभव मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे मागणार आहे त्यात घाईचा धोका आहे.

कमरेच्या हाडाची अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. खुब्याच्या वरच्या कडेतून आतला जाळीदार, रक्ताळ भाग काढतात. त्यात जिवंत पेशी असतात, सांगाडा असतो आणि हाड वाढवणारे संकेतही असतात, म्हणून आजही त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही, हे मान्य. पण एका बाजूची हिरडीची फट साधारण एक घनसेंटिमीटरची, चहाचा चमचाही भरणार नाही एवढी. तेवढ्यासाठी लेकराच्या अंगावर दुसरी जखम करायची, भुलीचा वेळ वाढवायचा. नंतर दुखणं, लंगडणं आणि कधी मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा. माझ्या मुलाला तोंडाचा त्रास आठवतही नाही, कमरेचा आठवतो. मी मास्तरीण आहे, मला पगारी रजा मिळाली. तो पंधरा दिवस पलंगावर पडून होता आणि मी उशाशी बसून होते.

आता माझ्या शाळेतल्या घरांचा विचार करा. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. फडात एक दिवस गैरहजर राहिलं की खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडते, वर पैसे कापले जातात. तोंडाची जखम झालेलं लेकरू पेज-वरणावर राहू शकतं, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, आजीजवळ बसू शकतं. लंगडणारं लेकरू पाचटातून, चिखलातून उचलून न्यावं लागतं. आणि नऊ-दहा वर्षांच्या पोरीवर धाकट्या भावंडांचा भार असतो, तिला उचलून कोण नेणार? म्हणून बाप म्हणतो, 'ओठ शिवलाय, चेहरा बरा दिसतोय, आता कंबर कशाला कापायची?' या बापाला अडाणी म्हणू नका. त्याचा हिशेब बरोबर आहे. त्याच्या हिशेबात बसेल असा उपाय अजून कुणी दिलेला नाही.

म्हणूनच टिश्यू इंजिनिअरिंग, म्हणजे पेशींच्या मदतीने शरीरात नवं हाड-मांस घडवणं, ही मोठ्या शहरातल्या श्रीमंत रुग्णांसाठीची विद्या आहे असं मला वाटत नाही. जिच्या कमरेचं हाड वाचलं तर आठवड्यात चालू-फिरू लागेल, अशा ऊसतोड कामगाराच्या पोरीला तिची सगळ्यात जास्त गरज आहे.

लँगर आणि व्हॅकांटी या अमेरिकी संशोधकांनी १९९३ मध्ये या विद्येची मांडणी केली, तिचा गाभा खेड्यातल्या माणसालाही समजतो. वेलाला मांडव लागतो, रोप लागतं आणि वेळेवर पाणी लागतं. इथे मांडव म्हणजे सच्छिद्र आधार, रोप म्हणजे हाड घडवू शकणाऱ्या पेशी आणि पाणी म्हणजे त्या पेशींना 'हाड करा' असं सांगणारे संकेत. तिन्हींवर जगात काम झालं आहे आणि तिन्हींत आपल्याला घेण्यासारखं आणि टाळण्यासारखं आहे.

संकेतांचं आधी सांगते, कारण तिथे मला सावध करायचं आहे. क्षार काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तर तिथेही नवं हाड तयार होतं, हे मार्शल युरिस्ट या अमेरिकी शल्यविशारदांनी १९६५ मध्ये दाखवलं. त्यातूनच पुढे बीएमपी ही हाड घडवायला लावणारी प्रथिनं हाती लागली. त्यातलं बीएमपी-२ कोलॅजनच्या स्पंजात भिजवून वापरायला अमेरिकेत २००२ मध्ये मणक्यासाठी आणि २००७ मध्ये जबड्याच्या काही कामांसाठी परवानगी मिळाली. ती मोठ्या माणसांसाठी होती, लेकरांच्या दुभंगासाठी नव्हती. तरी काही ठिकाणी दुभंगात ते वापरलं गेलं, हाडही आलं, पण सूज बरीच येते आणि औषध महाग आहे. वाढत्या वयाच्या मुलात इतका जोरकस संकेत देण्याबद्दल जाणत्या डॉक्टरांच्याच मनात शंका आहेत. आपली सुरुवात तिथून नको.

पेशींची गोष्ट मात्र मला फार जवळची वाटते. दाताच्या गाभ्यात मूळपेशी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशी, असतात, हे २००० मध्ये दिसलं आणि २००३ मध्ये पडणाऱ्या दुधाच्या दातातही त्या सापडल्या. माझ्या वर्गातली पोरं पडलेला दात पत्र्यावर भिरकावतात. आठ ते अकरा या वयात ज्या मुलाला हाड हवं, त्याच वयात त्याचे दुधाचे दात पडत असतात, हा योगायोग मला अजूनही थक्क करतो. ब्राझीलमध्ये अशा दातांतल्या पेशी वापरून दुभंगाच्या हिरडीत हाड वाढवण्याचे प्रयोग मुलांवर झाले आहेत. जपानमध्ये नागोयाच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलीचा वृत्तांत लिहिला. तिच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून आणि तिच्याच रक्तातला बिंबाणूंनी (प्लेटलेट्सनी) समृद्ध भाग मिसळून त्यांनी फट भरली होती. कमरेत फक्त सुई गेली, जखम झाली नाही.

पण पेशी बाहेर वाढवायच्या तर त्यासाठी काटेकोर दर्जाची प्रयोगशाळा लागते आणि ती उद्या उभी राहणार नाही. त्याहून महत्त्वाचं, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही ठरावीक आजारांतल्या मान्य उपचारांखेरीज मूळपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीबाहेर करता येत नाही. माझ्यासारख्या आयांना दातांतल्या पेशी साठवून ठेवायची पेढी आणि मूळपेशींचं इंजेक्शन विकणारे लोक आहेत. दागिने मोडून पैसे भरायला तयार असलेल्या आयांना मी ओळखते. तुम्ही या विषयात बोलत नाही, म्हणून ते बोलतात. तुमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर मराठीत एक फलक लावा की हा उपचार अजून संशोधनात आहे आणि कुणी पैसे मागितले तर देऊ नका. त्याला कुठलंही अनुदान लागत नाही.

उरला मांडव, आणि आपल्याला सुरुवात करता येईल ती इथे. दुभंगाच्या हिरडीची एक अट बाकीच्या हाडांना नसते. तिथून दात उतरायचा असतो. म्हणून भरलेला पदार्थ नवं हाड येईल त्याच गतीने विरघळायला हवा. लवकर विरघळला तर फट मऊ मांसाने भरते. फार टिकला, जसं हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचे म्हणजे हाडातल्याच खनिजाचे घट्ट कण टिकतात, तर सुळ्याच्या वाटेत दगड ठेवल्यासारखं होतं. शिवाय एका बाजूला नाक, दुसऱ्या बाजूला लाळ. दोन्हीकडचं अस्तर घट्ट शिवलं गेलं नाही तर उत्तमातला उत्तम पदार्थ कुजतो. आणि फटीच्या मधोमध रक्तवाहिन्या पोचेपर्यंत पेशी तग धरत नाहीत.

या सगळ्यात बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे सिरॅमिक बरंच जमून येतं, कारण ते महिन्यांच्या हिशेबात विरघळतं आणि हाडाला जागा देतं. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या पथकाने ते आधी शेळ्यांच्या जबड्यात फट करून तपासलं, कमरेच्या हाडाशी तुलना केली आणि मग मुलांकडे वळले. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या दारातली उस्मानाबादी शेळी आली. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जालन्याला रसायन तंत्रज्ञान संस्थेचं संकुल २०१८ पासून आहे. शेळी, पदार्थाचे जाणकार आणि जबड्याचे सर्जन, तिन्ही एका दिवसाच्या एसटी प्रवासात आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हृदयाची झडप आणि रक्ताची पिशवी देशात बनवून दाखवली, तेव्हा तिच्याकडेही लोक शंकेनेच पाहत असतील.

एक गोष्ट मात्र शेळी सांगू शकणार नाही. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, सुळाही नसतो. आमच्याकडे शेळ्या वळणाऱ्या पोरालाही हे माहीत आहे. हाड आलं का, पदार्थ किती दिवसांत गेला, एवढं ती सांगेल. सुळा त्यातून उतरतो का, हे शेवटी लेकराच्या तोंडातच कळणार. म्हणून लेकरांवरचा अभ्यास अतिशय जपून व्हावा. नैतिक समितीपुढे जावा, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधी नोंदला जावा. सात ते बारा वयाच्या मुलाचा तोंडी होकार घ्यायचा नियम आहे, तो आईच्या अंगठ्यामागे हरवू नये. त्या मुलाला त्याच्या बोलीत सांगा. त्याला कळतं. तो रोज आरशात ती फट बघत असतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. तुमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तुमच्यातला कुणी पंधरा-वीस मुलांवर प्रबंध लिहितो. त्यात फट कशाने भरली, सहा महिन्यांनी स्कॅनमध्ये किती हाड दिसलं, हे येतं. मग तुम्ही निघून जाता. सुळा उतरायला मात्र त्यानंतर दोन-तीन वर्षं लागतात. म्हणजे खरा निकाल लागतो तेव्हा तो बघायला कुणीच नसतं. रक्त फिरवून मिळणारं फायब्रिन, पीआरएफ, स्वस्त आहे. २००१ मध्ये फ्रान्समध्ये ही पद्धत मांडली गेली, त्याला सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त फिरवायचं यंत्र, पुरतं. तुमच्यापैकी अनेक जण ते वापरतात, पण जगभरचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्याचं एक कारण हेच असणार की गट लहान असतात आणि पाठपुरावा तोकडा. आठ जिल्ह्यांतल्या सगळ्या महाविद्यालयांनी एकच नोंदवही ठेवली, एकाच पद्धतीने त्रिमितीय स्कॅन करून फट मोजली, आणि तुम्ही गेल्यावर पुढच्या तुकडीने त्याच मुलाला पुन्हा बोलावलं, तर पाच वर्षांत तुमच्याकडे असा पुरावा असेल की बाहेरच्यांना तुमच्याकडे यावं लागेल.

ती नोंदवही भरायची तर लेकरू वेळेवर सापडायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणीची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते. तिच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहे. पण ओठ शिवलेला दिसला की 'शस्त्रक्रिया झालेली' अशी नोंद होते आणि गाडी पुढे जाते. ओठ उचलून हिरडी कुणी बघत नाही. आणि गाडी जानेवारीत आली तर माझ्या वर्गातली अर्धी मुलं फडात असतात, थोडीच हंगामी वसतिगृहात राहतात. त्या पथकांना तुम्ही एक दिवस शिकवा. आम्हा शिक्षकांनाही शिकवा. आठ वर्षांच्या मुलाचा ओठ वर करून फट आहे का ते बघणं आणि एक फोन करणं, एवढं आम्ही करू. गाडी दिवाळीच्या आत यावी, यासाठी मी तालुक्याला अर्ज दिला आहे. तुमचं पत्र सोबत असेल तर त्याला वजन येईल.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. नऊ पूर्ण झाली. डाव्या बाजूचा ओठ शिवलेला, टाळू शिवलेला, हिरडीत फट. पाढे खणखणीत म्हणते, पण मोठ्याने वाचायला उभी केली की ओठांवर हात ठेवते. मी तिचा एक्स-रे काढून आणला. वर हाडात सुळा दिसतो, मूळ निम्म्याच्या आसपास आलं आहे, असं तालुक्याच्या दंतवैद्यांनी सांगितलं. यंदाचा हंगाम ती आई-वडिलांबरोबर गेली तर एप्रिलमध्ये परत येईल. पुढच्या वर्षी पुन्हा जाईल. तिच्यासाठी नवा उपाय तयार होईपर्यंत थांबता येणार नाही, हे मला समजतं. तिला कमरेचंच हाड लागेल, आणि मी तिच्या घरी तसंच सांगितलं आहे. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या अंगणात दोन तास बसले होते. बापाने एक्स-रे उन्हात धरून पाहिला, सुळ्यावर बोट ठेवलं. उचल आधीच घेतलेली आहे. मुकादमाशी बोलून पहिला पंधरवडा एकट्याचा हात सांभाळून घेता येईल का, ते तो बघतो आहे. आई तिच्याजवळ थांबेल.

निघताना तो एवढंच म्हणाला, 'बाई, पोरगी किती दिवसांनी चालायला लागेल, तेवढं विचारून ठेवा.'

दसऱ्याच्या आत तारीख मिळावी. मी तिला घेऊन येते.

आपली,
एक आई आणि प्राथमिक शिक्षिका
ता. धारूर, जि. बीड